रात्रींची वही

गेटवर पिवळी नोटीस, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
पिशवीत पाणी शिरलंय,
माझं आडनाव फुगून पसरलंय.
साडेसहा एकर, एकवीस शेळ्या, एक बोअर
आणि चाकांवरचं एक घर.
चाकं काढायची नाहीत, बजावून सांगितलंय.
चाकं आहेत तोवर ते घर नाही.

जमीन माझी. कागद आहेत.
कसेल त्याची, हे श्रॉपशरमध्येही चालतं,
निजेल त्याची मात्र नाही.
दिवसभर राबा हवं तितकं,
अंधार पडला की आठ मैल गाडी हाकत
बिशप्स कासलला, लाँड्रीवरच्या खोलीत जा,
तिथे खाली दहा वाजेपर्यंत
परक्या चादरी गरगरत असतात.

प्रॉसर साहेब आले. डिकीत बसून बूट बदलले.
सभ्य माणूस. बुटकीने फाइलचा कोपरा खाल्ला,
तरी काही बोलले नाहीत.
फक्त विचारलं,
रात्री इथे असण्याची नेमकी गरज काय?

लग्नात, नोकरीत, विमानतळावर
नाना प्रश्न ऐकले होते. हा नव्हता.
म्हणाले, लिहून ठेवा. तारीख, वेळ, कारण.
लोक रात्रीचा दिवस करतात,
मी रात्रीचा पुरावा करायला बसले.

११ फेब्रुवारी, २.४०. मैना. दोन करडं, दुसरं उलटं.
१४ फेब्रुवारी, ३.१५. पाइप गोठला. किटलीने सोडवला.
१९ फेब्रुवारी, १.५०. कोल्हा. आला नाही. आला असता.
(हे साहेबांनी खोडलं.
"आला असता" ग्राह्य धरता येत नाही.)
२ मार्च, ४.०५. करडू जॅकेटच्या आत धरलं.
गेलं. कारणाच्या रकान्यात
खूप वेळाने लिहिलं: आठ मैल.

काही रात्री मी वहीत घेतल्याच नाहीत.
काही झालं नव्हतं.
उपड्या बादलीवर बसले होते,
शेळ्या रवंथ करत होत्या,
आणि मला उठून जायचं नव्हतं.
याला कुठला रकाना?

हरकत एकच आली. मिसेस बेडोज, पलीकडची टेकडी.
चार पानं, निळी शाई, शाळेतलं अक्षर.
गावाच्या हॉलमध्ये चहाच्या भांड्याशेजारी
त्यांनी उभं राहून वाचलं:
आठवड्यातून तीनदा, चारदा, दोन वाजून गेल्यावर
हिच्या गाडीचा उजेड माझ्या छतावरून
कपाटापासून खिडकीपर्यंत सरकतो.
मी एकटी असते. मला अंधार लागतो.
तारखा सोबत जोडल्या आहेत.

प्रॉसर साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले
आणि पेन्सिलीने टिचक्या मारत गेले.
एकतीस तारखा जुळल्या.
चार तिच्याकडे जास्त होत्या.
या चार रात्री? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, लिहायचं राहून गेलं.
मिसेस बेडोज खाली बसल्या.
आपण काय जोडून बसलो हे त्यांना कळलं असावं,
कारण चहा तसाच राहिला त्यांचा.

तीन वर्षं मिळाली. तात्पुरती.
सोबत चौदा अटी. रस्ता दिसावा म्हणून कुंपण छाटा,
वटवाघळांना त्रास नको, बाहेरचा दिवा खाली वळवा,
आणि शेती थांबली तर सगळं उचलून
जमीन पूर्वस्थितीत आणून द्या.
पूर्वस्थिती म्हणजे काटेरी झुडपं,
एक फुटका बाथटब, ट्रॅक्टरची सीट.
बाथटब मी ठेवलाय. शेळ्या त्यात पाणी पितात.

पहिल्या कायदेशीर रात्री
काहीच झालं नाही.
कोणी व्यायलं नाही, पाइप वाहता होता.
तरी डोळ्याला डोळा लागेना.
तीनच्या सुमाराला पलीकडच्या टेकडीवर
वरच्या खिडकीत दिवा लागला.
बराच वेळ राहिला.
गाडी आली नाही म्हणून जागी झाली असेल.

मी वही काढली.
तारीख लिहिली, वेळ लिहिली.